नऊ नंबरला कोण बसवणार?

सामन्याच्या दिवशी दुपारी सासूबाईंचा उजवा पाय स्वयंपाकघरातल्या स्टुलावर होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती, आणि त्या गुडघ्याचं संध्याकाळी काय करायचं याची बोलणी त्यांची लेक आणि जावई करत होते. सासूबाईंना कोणी विचारत नव्हतं. त्या मटार सोलत ऐकत होत्या.

लेक फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवणं हाच तिचा व्यवसाय, त्यामुळे गुडघ्यांच्या बाबतीत तिचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि आईवर तर मुळीच नव्हता. तिने नवऱ्याला अट घातली. सामन्याचे क्वार्टर चार. त्यातले आईने दोनच खेळायचे, पहिला आणि शेवटचा. मधले दोन खुर्चीवर. तिसरा क्वार्टर खेळली आणि सूज वाढली, तर आई कित्येक महिने जिना उतरणार नाही, आणि मग तिला घरात थोपवून धरायला रजा कोण काढणार, हेही तिने आताच सांगून ठेवलं. रजा नवऱ्याने काढायची होती.

"बसवशील ना तिला?"

"बसवतो," जावई म्हणाला.

"शब्द दे."

जावयाने शब्द दिला. सासूबाईंनी एक किडका दाणा बाजूला काढला आणि शेंगांचं परडं पुढे ओढलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, यावरूनच खरं तर जावयाने सावध व्हायला हवं होतं. पण संसारात ज्या गोष्टी शांतपणे पार पडतात त्यांच्याकडे माणूस दुसऱ्यांदा पाहत नाही. लेक दवाखान्यात गेली. सामना संपायच्या आत पोचते, असं ती जाताना म्हणाली.

सासूबाई पन्नाशीपुढच्या बायकांच्या बास्केटबॉल संघाच्या कप्तान होत्या आणि संघाचे निम्मे गुण एकट्या त्यांचे असत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मुख्य सिस्टर म्हणून काढली होती. तिथे मोठमोठे सर्जन त्यांच्यासमोर दोन्ही हात पुढे करून उभे राहत, आणि हात नीट धुतलेले नसले तर मुकाट्याने नळाकडे परत जात. निवृत्तीनंतर हात धुवायला पाठवण्यासारखं कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी हा संघ काढला. संघात बेकरीवाली होती, कपडे शिवणाऱ्या दोघी बहिणी होत्या, बँकेतली कॅशियर होती, आणि राखीव म्हणून लायब्ररीतल्या बाई होत्या. या सगळ्या त्यांना सिस्टर म्हणत.

जावई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. कॉलेजात तो बास्केटबॉल खेळलेला होता, आणि सासूबाईंना सरावाला गाडीने सोडायचं काम त्याच्याकडेच होतं. तेव्हा कोचही तोच झाला. लग्न झाल्यापासून सासू-जावयाचा एकमेकांवर कधी आवाज चढलेला नव्हता. तो त्यांना 'आई' म्हणायचा, त्या त्याला 'जावईबापू' म्हणायच्या, आणि एकमेकांना चहा आधी घ्या म्हणता म्हणता दोघांचेही चहा गार व्हायचे. मैदानावर मात्र पहिल्याच सरावाला अडचण आली. तो बाहेरून ओरडला, "आई, मागे या," आणि संघातल्या चौघी मागे आल्या, कारण चौघींची मुलं त्याच्याच वयाची होती. सासूबाईंना नावाने हाक मारणं तर शक्यच नव्हतं. शेवटी शर्टाच्या नंबराने हाक मारायचं ठरलं. तेव्हापासून मैदानापुरत्या त्या नऊ नंबर झाल्या. अर्थात नंबर झाला तरी अहोजाहो सुटलं नाही. "नऊ नंबर, पाणी घेता का थोडं?" असं तो विचारायचा.

आजच्या सामन्याला करंडक वगैरे काही नव्हता. हॉलमधल्या दुसऱ्या कोर्टाची लाकडी जमीन उखडली होती आणि ती केव्हा बसेल हे बसवणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. उरलेल्या एका कोर्टावर पन्नाशीपुढचे संघ दोन, आणि संध्याकाळची मोकळी वेळ एक. हॉलच्या व्यवस्थापकाने दोन्ही कप्तानांचं म्हणणं ऐकलं, डोकं धरलं, आणि सांगितलं की आपसांत एक सामना खेळा. जिंकेल त्याला संध्याकाळ, हरेल त्याला दुपारी दोनची वेळ. दुपारी दोनला बेकरीची भट्टी तापलेली असते, बँकेच्या खिडकीपुढे रांग असते आणि लायब्ररीतल्या बाई काउंटरमागे असतात. दुपारची वेळ मिळणं म्हणजे संघ मोडणं. हे सगळ्यांना कळत होतं आणि सिस्टर ते कोणाला बोलू देत नव्हत्या.

समोरच्या संघाची मुख्य खेळाडू दातांची डॉक्टर होती. उंच, लांब हातांची. तिला एकदम समोर पाहिलं की लोकांचं तोंड आपोआप उघडत असे, आणि तेवढ्या वेळात ती बाजूने निघून जात असे.

पहिला क्वार्टर ठरल्याप्रमाणे झाला. सिस्टर खेळल्या, बॉल जाळीतून पडत राहिला आणि संघाने चांगली आघाडी घेतली. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला जावई म्हणाला, "नऊ नंबर, आता बसा," आणि त्या लगेच बसल्या. इतक्या सहज बसल्या की त्याने खुशीत बायकोला मेसेज पाठवला: आई बसल्या. त्या बसल्या आणि आघाडीही बसली. मध्यंतरापर्यंत दातांच्या डॉक्टरचा संघ पुढे निघून गेला होता.

मध्यंतरात सासूबाईंनी जावयापुढे अतिशय नम्रपणे एक विचार मांडला. अट दोन क्वार्टरची आहे. एक खेळून झाला. आता शेवटच्याऐवजी तिसरा खेळते आणि शेवटच्यात बसते. बेरीज तीच राहते. जावयाने बेरीज करून पाहिली. खरंच तीच राहत होती. शिवाय सासूबाई स्वतःहून शेवटी बसायला तयार होत्या, याचं त्याला कौतुक वाटलं. त्याने होकार दिला.

तिसरा क्वार्टर संपला तेव्हा गुण बरोबरीत आले होते. जावयाने लायब्ररीतल्या बाईंना उठवलं आणि त्यांची खुर्ची रुमालाने पुसून सासूबाईंपुढे सरकवली.

"ही कोणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला. शेवटच्यात बसायचं ठरलंय ना आपलं."

"अहो, असं कसं? पहिला आणि शेवटचा खेळायचा, असा शब्द दिलाय तुम्ही माझ्या लेकीला. माझ्यासमोर दिलाय."

"पण मध्यंतरात तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणाले ते सोडा हो. माझ्या म्हणण्याला काय किंमत आहे? तुमचा शब्द खाली पडता कामा नये." आणि तो शब्द वर धरून त्या मैदानात गेल्या.

जावयाने पुन्हा बेरीज केली. या वेळी ती तीन आली. खिशातला फोन थरथरला. बायकोने विचारलं होतं, आई बसली आहे ना? त्याने फोन तसाच खिशात ठेवला आणि निश्चय केला, की काही झालं तरी सासूबाईंना बसवायचं. मैदानात सासूबाईंनी काही झालं तरी बसायचं नाही असा निश्चय केलेला होता. फरक एवढाच, की त्यांना निश्चय करायची सवय होती.

खेळाडू बदलायचा तर राखीव खेळाडूने आधी गुणलेखकाच्या टेबलाशी जाऊन थांबायचं असतं. खेळ थांबला की टेबलावरचा भोंगा वाजतो, पंच हात करतात, आणि मग एक आत, एक बाहेर. जावयाने लायब्ररीतल्या बाईंना टेबलाशी पाठवलं. खेळ थांबला. सिस्टर घाम पुसत टेबलाजवळ आल्या, बाईंच्या कानात काही बोलल्या, आणि बाई परत खुर्चीवर येऊन बसल्या.

"काय झालं?" जावयाने विचारलं.

"मुदत वाढवून मागितली त्यांनी. मी दिली."

त्याने त्यांना पुन्हा पाठवलं. त्या पुन्हा आल्या. एकदा वाढवून दिल्यावर दुसऱ्यांदाही वाढवता येते, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र लायब्ररीत वाढवून मिळत नाही, हे जावयाला माहीत होतं, म्हणून त्याने त्यांना मोठ्या आशेने तिसऱ्यांदा पाठवलं.

"तिसऱ्यांदा देत नाही आम्ही," परत येऊन बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्यांनी माझं मनगट असं धरलं, की आता मला भूल देतात की काय असं वाटलं."

मग जावयाने टाइमआउट घेतला. टाइमआउटला सगळ्यांना बाहेर यावंच लागतं. सासूबाई आल्या. येताना उजवा पाय डाव्याच्या मागून येत होता, हे त्याने पाहिलं.

"आई," मैदानावरचा शिरस्ता मोडून तो म्हणाला, "गुडघा दुखतोय तुमचा. बसा आता."

"तुम्ही उभे असताना मी कशी बसू?"

जावई ताबडतोब बसला.

"हां. टेका जरा. केव्हाचे ताटकळताय," असं म्हणून सासूबाई बाटलीतलं पाणी प्याल्या आणि मैदानात परत गेल्या. प्रेक्षकांत बसलेल्या एका आजींनी शेजारणीला सांगितलं की जावई असावा तर असा, बिचारा सारखा सासूला बसायचा आग्रह करतोय.

थोड्या वेळाने त्याने दुसरा टाइमआउट घेतला, आणि तो मुद्दा पुन्हा निघू नये म्हणून आधीपासूनच बसून राहिला. पण कॅशियरच्या पोटरीत गोळा आला होता. सिस्टरांनी जमिनीवर मांडी ठोकली, पोटरी हातात घेतली आणि टाइमआउट संपेपर्यंत ती दाबली. मुख्य सिस्टरच्या हातात पेशंट असताना मध्ये तोंड उघडण्याची छाती इस्पितळात कोणाची झाली नव्हती. जावयाचीही झाली नाही. सासूबाई अखेर बसल्या होत्या, पण या बसण्याचा काही उपयोग नव्हता.

पंच चष्मा लावणारी एक तरुणी होती. पंचांची परीक्षा ती नुकतीच पास झाली होती. नियम तिला पानापानाने पाठ होते आणि ते वापरायला मिळावेत अशी तिची फार इच्छा होती. जावयाचा बूट कोर्टाच्या रेघेवर येतो आहे, हे तिने त्याला दोनदा बजावलं. जावयाचा त्यात इतकाच दोष, की रोज तो शिकाऊ चालकाच्या बाजूच्या सीटवर बसायचा, आणि त्या सीटच्या पायाशी जादा ब्रेक असायचा. समोर काही भलतं दिसलं की उजवा पाय आपोआप दाबला जायचा. इथे त्याच्या डोळ्यांसमोर सासूबाई दुखऱ्या गुडघ्यानिशी तीन बायकांच्या मधून जाळीकडे निघाल्या होत्या. त्याने करकचून ब्रेक मारला. पाय पुरा मैदानात पडला. सासूबाईंनी बेकरीवालीकडे फेकलेला बॉल त्याच्या बुटावर आपटला आणि प्रेक्षकांत गेला.

पंच तरुणीने शिट्टी फुंकली आणि एका हाताच्या बोटांवर दुसरा तळवा आडवा ठेवला. टेक्निकल फाउल. असा दुसरा मिळाला तर कोचला हॉलच्या बाहेर जावं लागेल, असं तिने त्याला समजावलं. समोरच्यांना एक फ्री थ्रो मिळाला. दातांच्या डॉक्टरने तो घातला. संघ एका गुणाने मागे पडला.

"काय हो हे, जावईबापू," लांबून जाता जाता सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बसा ना जरा."

यानंतर दोन्हीकडून एकेक बास्केट झाली. शेवटची दोन मिनिटं उरली तरी संघ त्या एका गुणाने मागेच होता. जावयाने आता लायब्ररीतल्या बाईंना चौथ्यांदा उठवलं, आणि त्या परत येऊ नयेत म्हणून स्वतः त्यांच्याबरोबर टेबलापर्यंत गेला. दोघे टेबलाशी उभे राहिले. खेळ काही थांबेना. बॉल इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला, आणि सिस्टरांच्या हातात पडला. त्यांनी तो जमिनीवर दोनदा आपटला, वळल्या, आणि वळताना त्यांचा गुडघा आत मुडपला. त्या पडल्या नाहीत. दात आवळून सरळ झाल्या. पण जावयाने ते पाहिलं होतं. त्याच्या पायाशी ब्रेक नव्हता, पण हाताशी भोंग्याचं बटण होतं.

त्याने ते दाबलं.

भोंगा हॉलभर घुमला. सगळ्या बायका होत्या तिथे थांबल्या. सामना संपला असं समजून सिस्टरांनी बॉल काखेत मारला आणि त्या खुर्च्यांकडे चालू लागल्या. सबंध क्वार्टरभर ज्यासाठी जावयाने जंग जंग पछाडलं ते अखेर घडत होतं. नऊ नंबर खुर्चीकडे येत होत्या. पण तेवढ्यात शिट्टी वाजली, पंच तरुणीने पुन्हा बोटांवर तळवा ठेवला, आणि जाण्याची पाळी जावयावर आली.

"पण मी कोणाला वाकडं काहीच बोललो नाही," तो म्हणाला.

"नाही ना. तुम्ही फार सभ्य आहात," पंच म्हणाली. "पण बटण टेबलाचं आहे."

नियमाप्रमाणे त्याने कपडे बदलायच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं होतं. तिथून खेळ पाहायचा नव्हता आणि कोणाला खुणाही करायच्या नव्हत्या. तो गेला. समोरच्यांनी आणखी एक फ्री थ्रो घातला. आता संघ दोन गुणांनी मागे होता. पंच तरुणीने विचारलं, सहायक कोच कोण? सहायक कोच नव्हता. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, कारण अशा वेळी काय करायचं तेही तिला पाठ होतं. सहायक नसेल तर कप्तान कोच होतो.

"कप्तान कोण आहे?"

सगळ्यांनी नऊ नंबरकडे पाहिलं.

अशा रीतीने सिस्टर कोच झाल्या. कोच झाल्याबरोबर त्यांनी उरलेला एकमेव टाइमआउट घेतला आणि संघाला भोवती उभं केलं. त्यांच्या आवाजात ऑपरेशन थिएटर आलं होतं. लायब्ररीतल्या बाई मध्यंतरापासून बाहेर बसून पाहत होत्या, तेव्हा पहिला प्रश्न त्यांनाच आला.

"बाई, आपले गुण जातात कुठून?"

बाईंनी आधी कोणी रागावणार तर नाही ना, हे पाहून घेतलं. "डावीकडून. दातांच्या डॉक्टर दर वेळी डावीकडूनच येतात. तिथे आपलं कोणी नसतं."

"तिथे कोणी असायला हवं?"

"नऊ नंबरने."

"मग ती कुठे असते?"

"वाटेत," बाई म्हणाल्या.

थिएटरमध्ये ज्याचा हात थकला त्याला टेबलापासून बाजूला करायचं काम सिस्टरांचं होतं, आणि समोरचा कितीही मोठा असला तरी त्यांनी ते केलं होतं. इतका वेळ, बसा बसा म्हणणारा एक माणूस समोर उभा होता. त्याला नाही म्हणणं एवढंच त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी चोख केलं होतं. आता तो माणूस भिंतीपलीकडे होता. नाही म्हणायला समोर कोणीच नव्हतं. फलकावर दोन गुण कमी दिसत होते, आणि ते असेच राहिले तर मंगळवारच्या सरावाला दुपारी दोन वाजता या कोर्टावर त्या एकट्याच उभ्या असणार होत्या.

"काढायची का तिला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगून बघा," बेकरीवाली म्हणाली. "आमचं कोणाचं ती ऐकत नाही."

कपडे बदलायच्या खोलीत जावई बायकांच्या पिशव्या आणि चपलांच्या मधोमध बाकावर बसला होता. भिंतीतून धावण्याचे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला त्याचा उजवा पाय जमीन दाबत होता. एवढ्यात मागचं, गाडीतळाकडचं दार उघडून त्याची बायको आत आली. दवाखान्याचा पांढरा कोट अजून तिच्या अंगावर होता.

"तू इथे काय करतोयस?"

"मला बाहेर काढलंय."

"कशाबद्दल?"

"भोंगा वाजवला."

लेकीने पुढचं विचारलं नाही. "आई बसली आहे ना?"

जावयाने चपलांकडे पाहत सगळं सांगून टाकलं. बेरीज सांगितली, मुदतवाढ सांगितली, मांडी ठोकली तेही सांगितलं. गुडघा मुडपला हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. लेक हॉलच्या दाराशी गेली आणि तिने दार किलकिलं केलं. जावयाने प्रामाणिकपणे भिंतीकडे तोंड केलं.

"मला पाहायची परवानगी नाही. तू बघ आणि सांग."

"आई दिसत नाहीये."

"डाव्या बाजूला बघ."

"तिथे लायब्ररीतल्या बाई आहेत."

जावई ताडकन उठला. "पडल्या का आई?"

"नाही. बसलीय."

"जमिनीवर?"

"खुर्चीवर. पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून."

"कोणी बसवलं?"

लेकीने दाराच्या फटीतून पुन्हा नीट पाहिलं. "तिच्याजवळ कोणीच नाहीये," ती म्हणाली.

त्याच वेळी सासूबाईंचा आवाज ऐकू आला. तो मैदानातून नाही, बाहेरच्या बाजूने येत होता आणि त्यात नम्रता नावालाही नव्हती. हात वर ठेवा. बँक, झोपलात का? बाई, तिथून हलायचं नाही. जावई चकित होऊन ऐकत राहिला. वर्षभर त्याला जे म्हणावंसं वाटलं होतं ते सगळं त्या म्हणत होत्या.

पुढचं त्याला बायकोकडून तुकड्यातुकड्याने कळलं. शिवणवाल्या बहिणींपैकी धाकटीने बॉल जाळीत टाकला आणि बरोबरी झाली. मग दातांची डॉक्टर सवयीप्रमाणे डावीकडून निघाली. तिथे लायब्ररीतल्या बाई, बंद व्हायच्या वेळी लायब्ररीच्या दारात उभ्या राहतात तशा, दोन्ही पाय रोवून उभ्या होत्या. त्यांना हलायचं नाही असं सांगितलेलं होतं आणि त्या हलल्या नाहीत. डॉक्टर त्यांच्यावर आदळली. दोघी खाली पडल्या. पंच तरुणीने डॉक्टरची चूक दाखवली आणि बॉल या संघाला दिला. शेवटी शेवटी बेकरीवालीने, वर्षभराच्या सवयीने, न बघताच नऊ नंबरच्या जागी बॉल फेकला. नऊ नंबर तिथे नव्हती. बॉल लायब्ररीतल्या बाईंच्या हातात आला, आणि तो काढून घेण्याच्या घाईत डॉक्टरने बाईंच्या मनगटावर फटका मारला.

"दोन फ्री थ्रो मिळालेत," लेक म्हणाली. "बाई टाकणार."

"बाईंनी सामन्यात आजवर एकही बॉल टाकलेला नाही," जावई भिंतीला म्हणाला.

हॉल शांत झाला. बाईंना शांततेची सवय होती. पहिला बॉल कडीला लागून बाहेर गेला. सिस्टरांचा आवाज आला, पण या वेळी अगदी हळू. घाई नाही बाई, तुमच्या वेळेने टाका. दुसरा बॉल कडीवर फिरला, आणखी फिरला, आणि आत पडला. पाठोपाठ भोंगा वाजला, तो मात्र ज्याचा होता त्यानेच वाजवला. एका गुणाने संध्याकाळची वेळ राहिली.

बेकरीवालीच्या खांद्यावर हात टाकून सासूबाई लंगडत खोलीत आल्या आणि बाकावर बसल्या. लेक लगेच गुडघ्यापाशी खाली बसली. तिने गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. सूज होती, पण आणखी दोन मिनिटं खेळली असती तर जे झालं असतं ते झालेलं नव्हतं. तेवढी खात्री झाल्यावर तिने नवऱ्याकडे मोर्चा वळवला. शब्द दिला होतास ना, इथून तिने सुरुवात केली.

"त्यांना काही बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. मग जावयाकडे वळून, बराच वेळ मनात घोळवलेलं बोलावं तशा म्हणाल्या, "जावईबापू, तुमची ती नऊ नंबर भयंकर हट्टी आहे हो. दोन मिनिटांत जीव खाल्ला तिने माझा. खुर्चीवर बसून एकच घोकत होती, मला आत सोडा, मला आत सोडा. तुम्ही वर्षभर कसं सोसलंत?"

एवढं मोठं कौतुक त्या घरात जावयाच्या वाट्याला आलं नव्हतं. त्या भरात त्याने मनापासून एक गोष्ट सुचवली. मंगळवारपासून कोच सासूबाईंनीच व्हावं. आज जे कोणाला जमलं नाही ते त्यांनी दोन मिनिटांत करून दाखवलं. तो आपला गाडी तेवढी चालवेल. लेकीने ही कल्पना तत्काळ उचलून धरली. बेकरीवालीनेही मान हलवली.

सासूबाई बुटाची नाडी सोडता सोडता थांबल्या.

"छे, छे. कोच म्हणून मी फार कडक आहे. मी राहिले तर माझं खेळणंच बंद होईल. तुम्हीच राहा, जावईबापू. तुमचं कसं, तुम्ही सांगता आणि सोडून देता."